साखरपुड्याची अंगठी: सव्वा लाखात कोणता हिरा घ्यावा?

चाकणकर_क्यूए

नमस्कार मंडळी. मार्गशीर्षात साखरपुडा आहे. तिच्या अंगठीसाठी सव्वा लाख बाजूला काढलेत, सगळं धरून: सोनं, हिरा, घडणावळ, जीएसटी. त्याच्या वर जायचं नाही, कारण हॉल, केटरर आणि मानपानाच्या साड्या अजून बाकी आहेत.

मी चाकणला क्वालिटीत आहे. दिवसभर मायक्रोमीटर हातात असतो, त्यामुळे एखादी गोष्ट महाग का आहे हे मोजून कळलं नाही तर मला चैन पडत नाही. लक्ष्मी रोड आणि चिंचवड मिळून तीन दुकानांतून लेखी कोटेशन आणलीत. तिन्ही गोल हिरे, १८ कॅरेट सोन्यात, सोनं साधारण सारखंच. (नवख्यांसाठी: रंग डी पासून झेड कडे उतरत जातो; क्लॅरिटी, म्हणजे आत खोट किती, व्हीव्हीएस, व्हीएस, एसआय अशी उतरते; जीआयए आणि आयजीआय या हिरे तपासणाऱ्या संस्था.)

अ) नैसर्गिक, ०.४० कॅरेट, रंग ई, क्लॅरिटी व्हीव्हीएस२, कट एक्सलंट, जीआयए सर्टिफिकेट. एकूण १ लाख ४१ हजार.

ब) नैसर्गिक, ०.५२ कॅरेट, रंग एच, क्लॅरिटी एसआय१, कट व्हेरी गुड, आयजीआय. एकूण १ लाख २४ हजार. सर्टिफिकेटवर माप ५.०४–५.०७ × ३.२६ मिमी.

क) लॅबग्रोन (प्रयोगशाळेत वाढवलेला), १.०३ कॅरेट, रंग एफ, व्हीएस१, आयजीआय. एकूण ७८ हजार.

पहिल्या दुकानात म्हणाले, "साहेब, हिरा माणूस एकदाच घेतो, हात आखडू नका." दुसऱ्याचं म्हणणं, अर्ध्या कॅरेटच्या खाली गेलात तर सोलिटेअर म्हणून लोक बघतही नाहीत. तिसरा म्हणतो दोन्ही हिरेच, मग दुप्पट पैसे कशाला?

आईने लॅबग्रोन ऐकल्यावर "कारखान्यातला म्हणजे खोटाच की रे" असं म्हणून विषय संपवला. जिच्यासाठी घ्यायची ती फिजिओथेरपिस्ट आहे. तिच्या अटी दोनच: पिवळ्या सोन्यात हवी, आणि पेशंटला हात लावताना अडकता कामा नये. "बाकी तू ठरव," म्हणाली. मला त्या "बाकी तू ठरव"चीच जास्त भीती वाटतेय.

तर यातला पैसा वसूल कोणता? की चौथाच काही शोधू?

---

वहिनी_ठाणे

अभिनंदन! हिऱ्यातलं इथे माझ्यापेक्षा जास्त कळणारे येतीलच, मी अंगठीचं आणि बिलाचं सांगते. ती बाजू मुलं विसरतात.

माझी नणंद नर्स आहे. तिच्या साखरपुड्याची अंगठी उंच कोंदणाची होती, हिरा बोटापासून चांगला वर उचललेला. दिसायची झकास. पण ग्लोव्हज घालताना रोज फाटायचे, आणि हिरा धरणारा एक काटा केसांत, स्वेटरमध्ये अडकून अडकून उघडला. आता ती अंगठी फक्त लग्नकार्यात कपाटाबाहेर येते. फिजिओचं काम तर सगळं हातांचंच. त्यामुळे बसकं कोंदण घ्या. काट्यांचंच हवं तर चारऐवजी सहा काटे घ्या, म्हणजे एखादा सैल झाला तरी बाकीचे धरून ठेवतात. सगळ्यात निर्धास्त म्हणजे बेझल, हिऱ्याभोवती सोन्याची पूर्ण पट्टी. पिवळ्या सोन्यात बेझल छान दिसतं आणि कुठेही अडकत नाही.

आता बिल. सोन्याचं निव्वळ वजन वेगळं लिहून घ्या, हिरा वगळून. आमच्याकडे एका सराफाने कानातल्यांत खड्यांसकट वजनाला सोन्याचा भाव लावला होता, विचारल्यावर "सिस्टीममध्ये तसंच येतं" म्हणाला. एका लहान हिऱ्यात फरक फार पडत नाही, पण जो तिथे हात मारतो तो बाकी ठिकाणीही मारणार. घडणावळ वेगळी, हिऱ्याची किंमत वेगळी, आणि एकूण रकमेवर ३ टक्के जीएसटी. अंगठीवर आतल्या बाजूला बीआयएसची खूण, ७५० आकडा आणि सहा अक्षर-अंकी एचयूआयडी (त्या दागिन्याचा ओळख क्रमांक) असला पाहिजे. तो बीआयएस केअर अ‍ॅपवर दुकानातच टाकून बघता येतो. आणि लक्षात ठेवा, हॉलमार्क सोन्याचा असतो. हिऱ्याबद्दल तो काहीच सांगत नाही.

बायबॅकचं, म्हणजे दुकान परत घेताना किती देईल त्याचं, तोंडी ऐकू नका. किती टक्के, कशावर (बिलाच्या पूर्ण रकमेवर की फक्त हिऱ्याच्या किमतीवर), रोख की दुसऱ्या दागिन्याच्या बदल्यात, हे बिलावर लिहून मागा.

---

शुक्र_उच्चीचा

हिरा हे शुक्राचं रत्न आहे. पत्रिका दाखवल्याशिवाय घालू नये, सगळ्यांना लाभत नाही. वृषभ किंवा तूळ रास असेल तर प्रश्नच नाही. निदान तीन रात्री उशाखाली ठेवून बघा.

---

जुना_असॉर्टर

उशाखाली ठेवणार असाल तर बिल आणि सर्टिफिकेटही ठेवा, तेवढीच झोप शांत लागेल. (शुक्रराव, राग मानू नका. आमच्या ऑफिसात रोज हजारो हिरे हाताळणारी पोरं आहेत. लाभायचं आणि बाधायचं असतं तर आत्तापर्यंत बाजाराचं काहीतरी झालं असतं.)

चाकणकर, मी मुंबईत बीकेसीला भारत डायमंड बोर्समध्ये, म्हणजे हिऱ्यांच्या बाजारात, असॉर्टर आहे. म्हणजे पांढऱ्या ट्रेवर तयार माल पसरायचा आणि चिमट्याने रंग, क्लॅरिटी, कट पाहून वेगळा करायचा. त्याआधी ऑपेरा हाऊसला पंचरत्नमध्ये बसायचो. २०१० मध्ये बोर्स सुरू झाला आणि हळूहळू बाजारच तिकडे गेला. विक्री माझ्याकडे नाही, त्यामुळे मोकळेपणाने लिहितो.

तुम्ही मायक्रोमीटरवाले आहात म्हणून आधी तुमच्या 'ब'चं माप घेऊ. उंची ३.२६ भागिले व्यास ५.०५, म्हणजे खोली साडेचौसष्ट टक्के. चांगल्या गोल हिऱ्याची खोली ६० ते ६२.५ च्या आसपास असते. हा हिरा खोल आहे, त्याचं वजन पोटात गेलंय. नीट कापलेला ०.५२ सव्वापाच मिलिमीटरच्या जवळ, निदान ५.१५ ते ५.२० भरायला हवा. नीट कापलेला ०.४७ चा हिरा ५.०० भरतो. म्हणजे दुकानदार तुम्हाला पाच सेंट (सेंट म्हणजे कॅरेटचा शंभरावा भाग) जास्त विकतोय आणि बोटावर दिसणार आहे जेमतेम ०.०५ मिलिमीटरचा फरक.

असं का कापतात? कारण रफ दगडातून जास्तीत जास्त वजन वाचवणं हाच कारखान्याचा धंदा. ०.४९ आणि ०.५० यांच्यात आकड्याने एक सेंटचा फरक, पण भावाची पायरी वेगळी. आमच्याकडे रॅपापोर्टची (हिऱ्यांच्या भावांची) यादी दर आठवड्याला येते, त्यात वजनाचे गट पाडलेले असतात: ०.३० ते ०.३९, ०.४० ते ०.४९, ०.५० ते ०.६९, ०.७० ते ०.८९, ०.९० ते ०.९९, मग १.००. प्रत्यक्ष सौदा यादीच्या खाली काही टक्क्यांनी होतो, पण पायऱ्या त्याच राहतात. पायरी चढली की दर सेंटचाच भाव बदलतो, वाढलेल्या सेंटपुरता नव्हे. म्हणून घंटीवर (हिरा घासायच्या चाकावर) बसलेला कारागीर दगड ०.५० च्या वर ठेवण्यासाठी जिवाचं रान करतो, मग कोन थोडा बिघडला तरी चालतो. तुम्हाला मात्र उलटं करायचंय. पायरीच्या जरा खालचा हिरा शोधायचा: ०.४५ ते ०.४९. "अर्ध्या कॅरेटच्या खाली सोलिटेअर दिसत नाही" म्हणणाऱ्याला दोन हिरे उघडे समोर ठेवून ओळखायला सांगा.

आता 'अ'. त्यात खोट काही नाही. फक्त तुम्ही ज्याचे पैसे देताय ते तुम्हाला कधी दिसणार नाही. व्हीव्हीएस२ मधली खोट दहापट भिंगातूनही कसलेल्या माणसाला शोधावी लागते. व्हीएस२ मधली भिंगातून सापडते, पण नुसत्या डोळ्याला तीही दिसत नाही. मग मधल्या दोन पायऱ्यांचे पैसे कुठल्या डोळ्यासाठी? रंगाचंही तेच. आम्ही रंग बघताना हिरा पालथा ठेवतो, टोक वर, आणि बाजूने बघतो, शेजारी मास्टर स्टोन (ठरलेल्या रंगाचा नमुना) ठेवून. सुलटा ठेवला तर त्याचा लखलखाट आम्हालाही फसवतो. तुमची अंगठी सुलटीच असणार, आणि पिवळ्या सोन्यात असणार. पिवळ्या सोन्याची झाक हिऱ्यात येतेच. त्यात ई रंग बसवणं म्हणजे पैसे सोन्यात बुडवणं. एच घ्या, आय सुद्धा चालेल. पांढऱ्या सोन्यात किंवा प्लॅटिनममध्ये असती तर मी जी-एच म्हणालो असतो.

हे सगळे वाचवलेले पैसे एकाच जागी टाकायचे: कट. हिरा चमकतो तो त्याच्या रंगाने नव्हे, कोनांनी. वरून आत गेलेला उजेड तळाच्या पैलूंवर आपटून पुन्हा वर आला पाहिजे. पोट खोल झालं की उजेड बाजूने निसटतो आणि मधला भाग काळपट दिसतो. पोट उथळ झालं की कडेचं वर्तुळ आत उमटतं, त्याला आम्ही फिश आय म्हणतो, हिरा मेल्यासारखा दिसतो. सर्टिफिकेटवर कोन छापलेले असतात. क्राऊन (वरचा भाग) ३४ ते ३५ अंश, पॅव्हिलियन (पोटाचा भाग) ४०.६ ते ४१, टेबल (वरचा सपाट पैलू) ५४ ते ५८ टक्के, यात असेल तर सहसा घोर नाही. कट, पॉलिश, सिमेट्री तिन्ही एक्सलंट, बाजारात त्याला थ्री एक्स म्हणतात. जीआयए गोल हिऱ्याला २००६ पासून कटची श्रेणी देते. ओव्हल, पेअर, मार्कीज अशा आकारांना तेव्हा ती नव्हती, तिथे वर्षानुवर्षं सगळं डोळ्यावर चालत आलंय. मोजून घेणाऱ्या माणसाने गोलच घ्यावा.

आणि एक जागा जिथे स्वस्तात चांगला माल सापडतो. सर्टिफिकेटवर फ्लुओरेसन्स (अतिनील उजेडात हिरा किती चमकतो) असा रकाना असतो. मीडियम ब्लू किंवा स्ट्राँग ब्लू लिहिलं की बाजारात भाव कमी लागतो. कारण काही हिरे त्यामुळे उन्हात धुरकट दिसतात. काहीच, सगळे नाही. एच-आय रंगाला तर निळी झाक थोडी मदतच करते. हिरा हातात घेऊन दुकानाच्या दारात या, उन्हात धरा. दुधाळ दिसला तर परत द्या, स्वच्छ दिसला तर खुशाल घ्या.

एसआय१ बद्दल: नकार देऊ नका, पण बघून घ्या. खोट कडेला असेल आणि काट्याखाली झाकली जात असेल तर उत्तम. मधोमध टेबलखाली काळा ठिपका असेल तर सोडा. कडेपर्यंत पोचलेली फेदर (बारीक चीर) असेल तरी सोडा, तिथून टवका उडू शकतो. हिरा कठीण असतो पण फुटत नाही असं नाही. आणि सर्टिफिकेटच्या शेवटी बारीक अक्षरात शेरे असतात, ते वाचा. क्लॅरिटी न दाखवलेल्या 'क्लाउड्स'वरून (बारीक ठिपक्यांच्या पुंजक्यांवरून) ठरवली आहे असं एसआय दगडावर लिहिलं असेल तर तो धूसर असण्याची शक्यता मोठी. दलाल लोक फोनवर आधीच विचारतात, "नो बीजीएम ना?" म्हणजे ब्राऊन, ग्रीन, मिल्की नाही ना. हे सर्टिफिकेटवर ठळक लिहिलेलं नसतं. तुम्हीही हाच प्रश्न दुकानात विचारा, समोरचा सरळ बसेल.

दुकानातल्या स्पॉटलाइटखाली काहीही बघू नका. त्या दिव्यांखाली काचही नाचते. साध्या ट्यूबलाइटखाली, मग दारात सावलीत बघा.

---

चाकणकर_क्यूए

काका, मला अहो-जाहो करू नका, मी एकोणतीसचा आहे.

साडेचौसष्ट टक्के मी स्वतः काढायला हवे होते, दोन्ही आकडे समोर होते! 'ब' कटाप. पण 'क' वर तुम्ही काहीच बोलला नाहीत. एक कॅरेट, एफ, व्हीएस१, ७८ हजार. कागदावर तर तोच सगळ्यात भारी दिसतो. आईला मी समजावेन, पण मला आधी पटलं पाहिजे. आणि नैसर्गिकच्या बाजूने "पुढे किंमत राहते" हे कितपत खरं?

---

पंक्या_एडिसन

न्यू जर्सीहून. इथे माझ्या ऑफिसात गेल्या दोन-तीन वर्षांत एंगेजमेंट झालेल्या बहुतेकांनी लॅबग्रोनच घेतलाय आणि कुणी लपवतही नाही. इथल्या एफटीसीने (व्यापारावर नजर ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने) २०१८ मध्येच हिऱ्याच्या व्याख्येतून 'नैसर्गिक' हा शब्द काढून टाकला. फक्त विकताना लॅबचा आहे हे स्पष्ट सांगायचं. तेव्हा आईला सांग, खोटा नाही. कार्बन तोच, रचना तीच. खोटं म्हणजे क्युबिक झिरकोनिया किंवा मॉइसनाइट, ते पदार्थच वेगळे.

मी स्वतः ऑनलाइन घेतला, साइटवर प्रत्येक हिऱ्याचा गोल फिरणारा व्हिडिओ असतो आणि ठरावीक दिवसांत परत करता येतो. भारतात दुकानात परत करायचं म्हटलं की काउंटरवरच्या माणसाचा चेहरा बघण्यासारखा होतो, त्यामुळे ती सोय धरू नकोस.

बाकी जिला घालायची तिला दोन्ही बोटावर घालून बघू दे ना. "बाकी तू ठरव" ही परीक्षा असते रे, माझी झालीये.

---

जुना_असॉर्टर

ठीक, मग अरे म्हणतो.

पंक्या म्हणतो ते बरोबर आहे, लॅबचा हिरा हिराच आहे. सीव्हीडी किंवा एचपीएचटी, दोनपैकी एका पद्धतीने वाढवतात. दुकानातल्या साध्या उष्णतेच्या टेस्टरला तो हिराच वाटतो, मलाही आयग्लासमधून (भिंगातून) बघून छातीठोक सांगता येणार नाही. त्यासाठी मशीन लागतं. सुरतेत अशा वाढवलेल्या मालाचे आणि तो घासण्याचे मोठाले कारखाने आहेत. २०२३ च्या जूनमध्ये मोदींनी जिल बायडन यांना साडेसात कॅरेटचा भेट दिला तो लॅबचाच होता. तेव्हा आईला 'खोटा' शब्द मागे घ्यायला लाव.

पण भावाचं ऐक. डी बिअर्स या हिऱ्यांच्या खाणवाल्या कंपनीने २०१८ मध्ये लाइटबॉक्स नावाने लॅबचे दागिने आणले, कॅरेटला सरळ ८०० डॉलर. तेव्हा लोक म्हणाले, एवढं स्वस्त? नंतर बाजार त्याच्याही खूप खाली गेला आणि २०२५ मध्ये त्यांनी तो ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी जीआयएने लॅबच्या हिऱ्याला डी-ई-एफ, व्हीव्हीएस-व्हीएस अशा श्रेणी देणं थांबवलं. आता फक्त 'प्रीमियम' किंवा 'स्टँडर्ड'. कारण सरळ आहे, वाढवलेला बहुतेक माल वरच्याच श्रेणीत बसतो, मग बारीक पायऱ्यांना अर्थ काय उरला? खाणीत एफ व्हीएस१ दुर्मीळ, म्हणून महाग. रिअ‍ॅक्टरमध्ये तो हवा तेवढा वाढवता येतो. त्यामुळे 'क' चं कागदावरचं भारीपण 'अ' च्या कागदाशी लावून बघू नकोस, दोन्हीकडे अक्षरं तीच असली तरी.

म्हणून लॅबचा घ्यायचा तर तो दागिना म्हणून घे. त्याचा पैसा गेला असं धर. विकायला गेलास तर सोन्याचे मिळतील, हिऱ्याचे जवळपास नाही. आणि घेताना दोन गोष्टी बघ. सीव्हीडीत कधी तपकिरी, एचपीएचटीत कधी निळसर झाक असते, तीही पांढऱ्या कागदावर दिवसाच्या उजेडात दिसते. आणि भाव चार ठिकाणी विचार, कारण त्या मालात दुकानागणिक फरक प्रचंड आहे.

आता दुसरी बाजू, जी आमचे लोक सांगत नाहीत. नैसर्गिक अर्ध्या कॅरेटचा हिराही गुंतवणूक नाही. तू दुकानात देतोस ती किरकोळ किंमत. विकायला जाशील तेव्हा बाजार त्याला घाऊक भावाने बघणार, त्यातही कमी करून. हाती लागेल ते त्याच दुकानाच्या बायबॅकमधून, आणि तेही ते दुकान आणि तो नियम तेव्हा असेल तर. सोन्यासारखा रोजचा जाहीर भाव याला नाही. वहिनींनी बायबॅक लिहून घ्यायला सांगितलंय ते म्हणूनच सोन्याचं वाक्य आहे. नैसर्गिक काही तरी परत देतो, लॅबचा बहुधा देत नाही, एवढाच फरक धर. त्या फरकासाठी चाळीस हजार जास्त घालायचे की नाही हे मी ठरवणार नाही.

माझ्या मुलीच्या वेळी तिनेच लॅबचा मागितला. दिला. मला ऑफिसात आठवडाभर चिडवलं लोकांनी.

---

चाकणकर_क्यूए

अपडेट. पंक्याचं ऐकलं, तिला घेऊन गेलो. तिची बोटं बारीक आहेत, माप ९. एक कॅरेटचा लॅबवाला बोटावर ठेवल्यावर तीच म्हणाली, "हा माझ्या हातावर शर्टाच्या बटणासारखा दिसतोय." पाच मिलिमीटरचा ठेवला तेव्हा काही न बोलता हात वळवून वळवून बघत राहिली. म्हणजे आकाराचा प्रश्न तिथेच मिटला.

मग तोच आकार लॅबमध्ये घ्यावा का, असं मी विचारलं. अंगठी साधारण ५५ हजारांत बसत होती. तिचं उत्तर: "आईंना रोज माझ्या हाताकडे बघून वाईट वाटणार असेल तर मला नको. आणि उरलेल्या पैशांचं तू काय करशील ते मला माहीत आहे." (एक जुनी बुलेट बघून ठेवली होती मी, हे हिला कोणी सांगितलं देव जाणे.)

लक्ष्मी रोडच्याच दुसऱ्या एका दुकानात मागवून मिळाला: नैसर्गिक, ०.४७, रंग एच, व्हीएस२, थ्री एक्स, जीआयए, फ्लुओरेसन्स मीडियम ब्लू. माप ५.०१–५.०३ × ३.०९, खोली ६१.६. क्राऊन ३४.५, पॅव्हिलियन ४०.८. बेझल कोंदण, १८ कॅरेट, सगळं धरून १ लाख १८ हजार ६००. दारात उन्हात नेला, दुधाळ नाही. "नो बीजीएम ना?" विचारलं तर मालक बाहेर आला आणि चहा सांगितला.

दोनच शंका. एक, बीकेसीतून सुटा हिरा घेऊन इथे बसवून घेतला तर स्वस्त पडेल का? दोन, अंगठी तयार होऊन येईल तेव्हा आत तोच हिरा आहे हे कसं कळणार?

---

जुना_असॉर्टर

आकडे छान आहेत. मी असतो तर हाच उचलला असता.

बीकेसीचं डोक्यातून काढ. बोर्समध्ये बाहेरच्या माणसाला पास लागतो, आणि तिथले लोक पॅकेटने माल विकतात, एका दगडासाठी कोणी ट्रे उघडत नाही. ओळखीतून मिळालाच तरी तो कोणी परत घेणार नाही, आणि बसवताना टवका उडाला तर सोनार म्हणेल आधीपासून होता. एकाच दुकानाकडे हिरा आणि कोंदण दोन्ही असलं की जबाबदारीही एकाचीच राहते.

ओळखायचं असं. जीआयएचा नंबर बहुतेक हिऱ्यांच्या गर्डलवर (कमरेच्या कडेवर) लेझरने कोरलेला असतो, तुझ्या सर्टिफिकेटवर तसा उल्लेख आहे का बघ. बसवण्याआधी दुकानात आयग्लास मागून तो स्वतः वाच, आणि जीआयएच्या वेबसाइटवर तोच नंबर टाकून सगळे आकडे जुळतात का पाहा. बेझलमध्ये गोची ही की पट्टीखाली गर्डल पूर्ण झाकला जातो, नंतर नंबर वाचता येत नाही. म्हणून आधी वाचणं जरुरीचं. शिवाय सर्टिफिकेटवर खोटीचा नकाशा असेल तर त्यातली एखादी ठळक खूण, कोणती आणि कुठे, आयग्लासमधून बघून ठेव. अंगठी हातात आली की वरून पुन्हा तीच शोध. नंबर लपला तरी टेबलखालची खूण लपत नाही. दुकानाला बेझलला दोन्ही बाजूंनी खिडकी ठेवायला सांगितलंस तर नंबरही त्यात आणता येतो, कारागीर तसं बसवून देतो.

बिलावर सर्टिफिकेटचा नंबर लिहिलेला हवा. नुसतं "सोलिटेअर ०.४७" नको. आणि ते वेगळं 'ज्वेलरी सर्टिफिकेट' देऊ लागले तर घे, पण मूळ सुट्या हिऱ्याचं जीआयएचं सोडू नकोस. बसवलेल्या हिऱ्याची तपासणी कोंदण जेवढं दाखवेल तेवढीच होते, म्हणून त्यावर 'जी-एच', 'व्हीएस-एसआय' असं मोघम लिहितात.

---

वहिनी_ठाणे

सून हुशार मिळतेय हो तुमच्या आईंना!

एकच राहिलं. माप ९ कधी घेतलंत? थंडीत आणि सकाळी बोटं बारीक असतात, उकाड्यात आणि संध्याकाळी जराशी फुगतात. दोनदा घ्या, एकदा संध्याकाळी. बेझलची अंगठी नंतर लहान-मोठी करायला काट्यांच्या अंगठीपेक्षा त्रास होतो, सोनार कुरकुरतात. आणि पट्टी रुंद असेल तर अर्धं माप मोठं लागतं.

---

चाकणकर_क्यूए

सकाळी घेतलं होतं, दुकान उघडल्या उघडल्या. शनिवारी संध्याकाळी पुन्हा नेतो तिला. खिडकीवाल्या बेझलबद्दल आत्ताच फोन केला, कारागिराला विचारून सांगतो म्हणालेत.